मोठ्या भावोजींसाठी बुटकं दार

१७ नोव्हेंबर २०२४, नागाव

गुडघेबाई, कशा आहात? पहाटे फार ठणकलात, ऊन लागल्यावर निवलात असं दिसतंय. विहीरबाई, तुमचं पाणी अजून वर आहे ना? मांजरी, बोक्यानं फाडलेला कान सुकला का? पुतळाबाई, तुझा खोकला? सुपाऱ्या सोलताना तोंडाला फडकं बांध म्हणून सांगून माझी जीभ झिजली. भिकू, कंबर कशी आहे? गवंड्याची कंबर गेली की घर बसतं, सांभाळ. रश्मी, माझ्या लेकी, पित्त? जावईबापूंची दाढ? आणि दगडी गडग्यापलीकडचे मोठे भावोजी, आपलं ब्लडप्रेशर कसं आहे? चढतं असेल तर चढू द्या. आमच्याकडून काही घाई नाही.

ही वही रश्मीनं दिली. म्हणाली, “आई, मनातलं लिहीत जा. फोनवर माझं डोकं खातेस ते वाचेल.” पण मला लिहायचं म्हणजे पत्रच ठाऊक, आणि पत्रात आधी सगळ्यांच्या तब्येती विचारायच्या असतात. विचारून झाल्या. आता कामाचं.

उद्यापासून गॅरेजचं घर करायला घेते आहे.

हे गेले त्याच्या पुढच्या वर्षी वाटणी झाली. मोठ्या भावोजींना माडीचं घर आणि मोठी वाडी. मला मागची पडवी, विहिरीकडची चिंचोळी पट्टी आणि रस्त्यालगतचं गॅरेज. त्यात भावोजींची फियाट असायची. त्यांनी नवी गाडी घेतली आणि आपल्या दाराशी नवी शेड बांधली. पंचांसमोर म्हणाले, “गॅरेज रघूच्या बायकोला द्या. गाडी घेईल तेव्हा लावील.” सगळे हसले. माझ्याकडे तेव्हा सायकलसुद्धा नव्हती.

ते हसणं मी गिळलं असतं. त्यानंतरचं गिळता आलं नाही. त्या दिवसासाठी मी सही शिकले होते. मोरीच्या भिंतीवर कोळशानं ‘कुमुद’ लिहायचं, पाणी ओतून पुसायचं, परत लिहायचं. पंचांसमोरही पदराखाली बोट फिरवत बसले होते. माझी पाळी आली आणि भावोजींनी माझं मनगट धरून अंगठा शाईत दाबला. “हिला अक्षर नाही,” म्हणाले, “वेळ कशाला घालवायचा.” हेडमास्तर माणूस! आख्ख्या गावाच्या पोरांना विचारलं असेल, ‘येतं का रे?’ मला एका शब्दानं विचारलं नाही.

अंगठ्याची शाई गेली. बाकीचं आहे तिथंच आहे.

पुढं मी वाचायला शिकले, वाण्याच्या पुड्यांवरून आणि एसटीच्या पाट्यांवरून. आता रोजचा पेपर वाचते, मोठ्यानं, त्यांच्या गॅलरीपर्यंत ऐकू जाईल असा. मला त्यांचं घर नको, वाडी नको. त्यांनी एकदा माझ्या दाराशी यावं आणि मागावं. पाणी मागोत, माचिस मागोत, पण स्वतः मागावं. त्यासाठी आधी दार पाहिजे. पडवीला मेलं दारच नाही, पडदा आहे.

२१ नोव्हेंबर

शटर काढलं. वर जाताना असं ओरडलं की चौलच्या देवळातला पुजारी दचकला असेल. आत जुना टायर, गांधीलमाशीचं पोळं आणि जमिनीवर फियाटच्या तेलाचे काळे डाग. गाडी गेली, डाग ठेवून गेली. मालकाचा गुण.

भिकू कामापेक्षा जास्त बोलतो, पण भिंत सरळ बांधतो. म्हणाला, “काकू, हितं पर्यटक ठेवा. शनिवार-रविवार खोली रिकामी न्हाय रहायची.”

“पर्यटक नकोत. मी राहणार.”

“मंग मागली पडवी?”

“तिच्यात नारळ राहतील.”

त्याला कळलं नाही. गॅरेज रस्त्याला लागून आहे. भावोजींकडे जाणारा पाहुणा, पोस्टमन, मास्तरांच्या पाया पडायला येणारे जुने विद्यार्थी, सगळे माझ्या दारावरून जाणार. मी उंबऱ्यात पेपर घेऊन बसणार. घर म्हटलं की आधी मी दिसणार, मग ते.

२८ नोव्हेंबर

आज दार ठरलं. शटरच्या जागी चिऱ्याची भिंत निम्मी वर आली आहे. भिकूनं विचारलं, “दार केवढं ठेवू?” मी त्याला भिंतीला टेकून उभं केलं आणि त्याच्या कपाळावर बोट ठेवलं.

“इथं चौकट.”

“काकू, ह्ये दार हाय का खुराडं? माझंच डोस्कं आपटंल.”

“वाकून ये.”

“समदा गाव वाकून येनार व्हय?”

“गावाचं गाव बघेल. एक माणूस वाकला की झालं.”

त्यानं माडीच्या घराकडं पाहिलं आणि फिसकन हसला. “मास्तर का?”

हो, मास्तर. माणूस ताडमाड आणि मान अशी ताठ की आत सुपारीचं खोड घातलंय असं वाटावं. घरभरणीला भाऊबंदांतल्या थोरल्याला पहिला मान. त्यांना यावं लागणार. नाही आले तर गाव नावं ठेवणार, आणि आले तर या दारातून येणार.

पुतळाबाई सुपाऱ्या सोलत ऐकत होती. सुपारीच्या मोसमात ती माझ्याकडं असते, बाकीच्या मोसमात भांडायला येते. म्हणाली, “कुमुद, तुझ्या पोटात आतडं हाय का सुंभ ग?”

“सुंभ. जाळून बघ, पीळ जायचा नाही.”

“घर बांधतीस का सापळा लावतीस?”

“सापळ्यातही उंदीर राहतोच की.”

५ डिसेंबर

फरशीनं छळलं. तेलाच्या डागावर सिमेंट धरेना. धुण्याचा सोडा झाला, चुना झाला, लाकडाचा भुसा घासून झाला. शेवटी भिकूनं तेवढी जमीनच फोडून काढली. मी म्हटलं, “मुळापासून काढ, थोडाही ठेवू नकोस.” तो म्हणाला, “काकू, ह्ये फरशीला सांगताय ना?”

गॅरेजची जमीन रस्त्याकडं उतरती. लिंबू ठेवलं की गडगडत दाराशी. आतली जमीन सपाट करून घेतली. दाराबाहेर भिकूला दोन पायऱ्या करायच्या होत्या, “घरावानी दिसंल.” मी म्हटलं, माझ्या गुडघ्याला विचार. गाडीसाठी केलेला उतार आहे तसाच राहू दे. गाडी जिथून जायची तिथून म्हातारी जाईल.

कोपऱ्यात मोरी आणि संडास झाला. आत, घरात, दिवा लावलेला. पावसाळ्यात छत्री घेऊन मागं जायचं संपलं. भावोजींच्या माडीच्या घराचा संडास अजून मागल्या दारी, पायऱ्या उतरून. मनात म्हटलं, बसा म्हणावं मोजत.

११ डिसेंबर

आज ते आले!

सकाळी भिकू माल कालवत होता. मी स्टुलावर पेपर वाचत होते. बघते तर उतारावर भावोजी उभे. एकटेच, हातात काठी नाही, काही नाही. मी उठले नाही. म्हटलं, “या, मोठे भावोजी. बघा गॅरेज. गाडी काही घेतली नाही अजून.”

नुसते माझ्याकडं बघत राहिले. मग तोंड एका बाजूला ओढून हसले. एवढं वाकडं हसणं मी जन्मात पाहिलं नव्हतं! एक डोळा अर्धा मिटलेला, नेम धरल्यासारखा. काहीतरी पुटपुटलेही, पण इतकं तोंडातल्या तोंडात की मला शब्द लागला नाही. माझ्याशी स्पष्ट बोलायचीसुद्धा त्यांना गरज वाटत नाही. मी म्हटलं, “काय म्हणालात? मोठ्यानं बोला, मला आता सगळं कळतं.” तर तसेच वळले आणि पाय फरफटवत चालते झाले. माझ्या चाळलेल्या वाळूतून, मुद्दाम! वाळूत लांबच लांब रेघ ओढून गेले. डावी चप्पल उतारावर राहिली तरी मागं वळून पाहिलं नाही.

पुतळाबाई म्हणाली, “नेऊन दे ग, म्हातारा मानूस हाय.”

“मागायला येऊ दे.”

मग तेवढाही दम निघेना. काठीनं चप्पल उचलली आणि गडग्यापलीकडं भिरकावली. भिकूनं टाळी वाजवली. आज जेवण गोड लागलं.

१३ डिसेंबर

नारळ पाडायला आलेल्या माणसाला भावोजी त्यांच्या वाडीतल्या विहिरीपाशी पडलेले सापडले. माडीच्या घरात दुसरं कुणी नसतं. लोकांनी अलिबागला नेलं. अजेय, त्यांचा मुलगा, पनवेलहून परस्पर दवाखान्यात गेला. अर्धांगवायू म्हणतात. डावं अंग गेलं. शुद्ध आहे, माणसं ओळखतात, पण बोललेलं कळत नाही. शब्द पाण्यात बुडून आल्यासारखा येतो.

मी गेले नाही. इथं भिकूचं काम चालू होतं, कुणीतरी उभं राहायला पाहिजे.

१६ डिसेंबर

सकाळी पेज जास्त झाली. टाकून द्यायची म्हणजे अन्नाचा अपमान, म्हणून डब्यात भरून पुतळाबाईबरोबर अलिबागच्या गाडीत दिली. जरा तूप आणि मेतकूट घातलं, नाहीतर लोक म्हणायचे कुमुदच्या हाताला चव नाही. तिला बजावलं की डबा परत आला पाहिजे.

१७ डिसेंबर

डबा परत आला. चाटूनपुसून. आजही पेज जास्तच झाली.

२० डिसेंबर

अजेय घराच्या किल्ल्या घ्यायला आला होता. डोळे खोल गेलेत पोराचे. बापाची उंची आली आहे, मान नाही आली. उभ्या उभ्या म्हणाला, “काकू, डॉक्टर म्हणतात एक बारीक झटका आधीच येऊन गेला असणार, पडायच्या एक-दोन दिवस अगोदर. तोंड वाकडं होतं, पाय ओढला जातो. तेव्हाच आणलं असतं तर एवढं झालं नसतं म्हणतात. तुम्हाला कुणाला काही दिसलं नाही का हो?”

मी भिकूकडं पाहिलं. भिकूनं थापीकडं पाहिलं.

“आम्ही इथं सिमेंटात होतो रे बाबा,” मी म्हटलं. “चहा घेतोस?”

घेतला नाही.

मला काय ठाऊक? मी काय डॉक्टर आहे? त्या माणसानं माझ्याकडं बघून आयुष्यभर तोंड वाकडं केलंय, त्यातलं आजाराचं कुठलं आणि नेहमीचं कुठलं हे मी कसं ओळखायचं?

संध्याकाळी मांजरी कुठं गेली बघायला गडग्यापलीकडं गेले. मांजरी नाही मिळाली, चप्पल मिळाली, अळवाच्या पानांत. धुऊन वळचणीला ठेवली. मांजरी घरीच होती, चुलीपाशी.

या वहीचं पहिलं पान, तब्येती विचारलेलं, भाताच्या शितानं चिकटवून टाकलं. कोपरा कुरतडल्यासारखा दिसत होता.

४ जानेवारी २०२५

घर झालं.

भिंतींना फिका पिवळा रंग, आंब्याच्या मोहरासारखा. पत्र्याखाली लाकडी छत घेतलं, नारळ पडला तर आता बंदूक उडाल्यासारखं वाटत नाही, कुणीतरी दार ठोठावल्यासारखं वाटतं. खिडकीतून थेट माडीच्या घराची गॅलरी दिसते. खिडकी तिथंच काढायला मीच सांगितलं होतं, त्यांनी मला बघावं म्हणून.

गॅलरी रिकामी. अजेयनं त्यांना पनवेलला आपल्या फ्लॅटवर नेलंय. खुर्चीवर वाळत घातलेला पंचा तसाच राहिलाय, वाऱ्यानं आज खाली पडला.

सकाळी दारात बसून पेपर वाचला. दुसऱ्या पानावरच कंटाळा आला. ऐकणारं कुणी नसलं की ताजी बातमीही शिळी लागते.

भिकू म्हणाला, “घरभरनी कदी?” मी म्हटलं, थोरल्याशिवाय कशी करायची? पुतळाबाई म्हणाली, “असं शास्तर कुठं हाय ग? काल तर त्याला शिव्या देत हुतीस.”

“माझ्या पोथीत आहे,” मी म्हटलं. सगळं सामान अजून पडवीतच आहे. नव्या घरात नुसती मी दुपारी जाऊन येते.

१४ जानेवारी, संक्रांत

अजेय तिळगुळाचे लाडू घेऊन आला. त्याच्या बायकोनं, अनुयानं, घरी केलेले. मोठा गोड बोलायला लागला तेव्हाच समजले की लाडवाच्या आत खडा आहे.

“काकू, बाबा तिकडं खात नाहीत. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडतात. बोलायचे व्यायाम द्यायला बाई येते, तर तिच्यासमोर तोंड उघडत नाहीत. त्यांना इथं यायचंय. कागदावर ‘नागाव’ लिहून दाखवतात, रोज.”

“मग आणा की. घर आहे त्यांचं, माडीचं.”

“जोतं बघताय ना? पायऱ्याच पायऱ्या. चाकाची खुर्ची चढत नाही. संडास मागल्या दारी. फोडून नवीन करायला पावसाळा येईल.” मग खाली बघत म्हणाला, “तुमचं गॅरेज… म्हणजे घर. उतार आहे, आतच सगळी सोय आहे. दिवसाला एक माणूस ठेवतो, तुम्हाला त्रास नाही. चार-सहा महिने.”

मी तिळगूळ चावत राहिले. या दिवसासाठी मी इतकी वर्षं वाट पाहिली. पाणी मागतील, माचिस मागतील म्हणत होते, तर आख्खं घर मागायची पाळी आली. देव असतो बरं का.

“कुणी मागितलं?” मी विचारलं.

“म्हणजे?”

“तू मागतोयस का ते मागतायत?”

“काकू, त्यांना बोलता येत नाही.”

“उजवा हात चालतो ना? ‘नागाव’ लिहितात ना? मग मला लिहू दे. स्वतःच्या हातानं. माझ्या नावानं.”

“आता हे कशाला?”

“मला वाचता येतं,” मी म्हटलं. “त्यांना सांग. त्यांना ठाऊक नसेल.”

पोरगा लाडवांचा डबा तसाच ठेवून गेला. वाकायला विसरला, चौकट कपाळाला लागली. मला एरवी वाईट वाटलं असतं.

२२ जानेवारी

अजेयचा मेसेज आला, मोबाइलवर. ‘आदरणीय काकू, बाबांच्या वतीने विनंती करतो की.’ पुढं वाचलंच नाही. वतीनं म्हणजे काय? अंगठा माझा लागला तेव्हा माझ्या वतीनं कुणी नव्हतं.

रश्मीला बातमी पोचली. फोनवर तडतडली, “आई, माणूस अंथरुणाला खिळलाय आणि तू हिशेब करतेस? तुला झोप कशी लागते?”

“चांगली लागते.”

“खोटं बोलतेस. रोज पहाटे व्हॉट्सअॅपवर दिसतेस.”

मेलं ते यंत्र! चहाड्या करतं. पण मी मागं हटणार नाही. हटले तर त्या खोलीत जो येईल तो माझ्या मेहेरबानीवर आलेला भावोजी नसेल, नेहमीसारखा, न विचारता घेणारा भावोजी असेल. मग मी भिंती कशाला बांधल्या?

२९ जानेवारी

अजेयनं मागवलेली चाकाची खुर्ची परस्पर इथं नागावला येऊन पडली. मी माणसाला म्हटलं, ठेव गॅरेजमध्ये, उगाच गंजेल. भिकूच्या अंगात पोर संचारलं. खुर्चीत बसला आणि पुतळाबाईला म्हणाला, “ढकल ग, मी मास्तर.” तिनं उतारावरून वर ढकललं. खुर्ची सरसर दारातून आत, आणि हा आत मान ताठ करून बसलेला! चौकटीला केसही लागला नाही. ढकलणारी पुतळाबाई मात्र कमरेत वाकून आत आली आणि खोकत-हसत जमिनीवर बसली.

“काकू, ह्या दारातनं समदा गाव वाकून येनार,” भिकू म्हणाला, “फकस्त मास्तर सोडून!”

मी एवढी चिडले की हसू आलं.

“चौकट वर घेऊ का? एका दिवसाचं काम हाय.”

“राहू दे. अजेय ढकलेल, तो वाकेल. बापाचं लेकानं फेडावं.”

मोरीच्या दारातून खुर्ची फिरते का तेही त्यांनी बघितलं. मी काही सांगितलं नव्हतं, त्यांचे तेच खेळत होते. कडेची फळी घासत होती तेवढी मी तासून घ्यायला लावली, दिसायला बरी दिसत नव्हती म्हणून.

५ फेब्रुवारी

पोस्टमननं रस्त्यावरून हाक मारली, “श्रीमती कुमुद रघुनाथ राऊत!” मी मागं वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून. मग कळलं, मीच.

पाकिटावर आख्खं नाव. आजवर माझ्या नावानं विजेचं बिल आलंय, लग्नाच्या पत्रिकांवर मी ‘सहकुटुंब’ म्हणून आले आहे. असं कुणी लिहिलं नव्हतं. आतला कागद रेघांचा. अक्षर रेघ सोडून खाली घसरलेलं, रांगत्या पोरासारखं कुठं बसलेलं, कुठं पडलेलं. पण अक्षर त्यांचंच. शाळेच्या फळ्यावर मी ते खिडकीतून पाहिलेलं आहे.

‘श्रीमती कुमुद रघुनाथ राऊत यांस. आपल्या गॅरेजमध्ये मला राहावयास जागा मिळावी. येथे सातव्या मजल्यावर नारळ पडलेला ऐकू येत नाही. ते ऐकल्याशिवाय मला झोप लागत नाही, हे ठाऊक नव्हते. मार्तंड.’

‘मिळावी’! मागतानाही ‘दे’ म्हणवत नाही.

माफी नाही. अंगठ्याचं नाव नाही. मी पुन्हा वाचलं, कुठं दडवलंय का बघायला. नाही. आपल्या पोटातली गोष्ट दुसऱ्याच्या ध्यानात नसतेच की काय, देव जाणे. किंवा असेल, आणि ती लिहायला हात अजून सरळ झाला नसेल.

मनात लाडू फुटायला हवे होते. एक फुटला, बाकीचे कच्चे निघाले. पुतळाबाईला वाचून दाखवलं तर ती पदर डोळ्याला लावून बसली. मी तिला म्हटलं, रडतेस कशाला, जिंकले मी. ती म्हणाली, “तुझं नाक कशानं लाल झालंय ग मंग?” सुपारीची धूळ, दुसरं काय.

७ फेब्रुवारी

उत्तर लिहिलं. दोन कागद फाडले, हा तिसरा. पाठवायच्या आधी इथं उतरवून ठेवते, उद्या मी असं म्हटलंच नव्हतं असं कुणी म्हणायला नको.

मोठे भावोजी यांस,

पत्र पोचलं. मी स्वतः वाचलं. जागा देते. भाडं नको, अटी आहेत.

मी पडवीतच राहीन. तिथल्या नारळांना अजून माझी सवय आहे. तुमची खाट खिडकीपाशी लावते, तिथून तुमची गॅलरी दिसते. रिकामी कशी दिसते ते बघा. पेज मी देईन ती खायची. ताटात टाकलेलं मला चालत नाही. बोलायचे व्यायाम द्यायला ती बाई येईल, तिला तोंड दाखवायचं. हेडमास्तर होतात, न शिकणाऱ्या पोराला काय म्हणायचात ते आठवा.

आता मुख्य अट. रोज सकाळी पेपर मी वाचणार. तुमच्या खाटेशी बसून, मोठ्यानं, वरच्या मथळ्यापासून खालच्या जाहिरातीपर्यंत. मला कुणी शिकवलेलं नाही, तेव्हा मी अडखळते. मोठं जोडाक्षर आलं की उडी मारून पुढं जाते. देशांची आणि मंत्र्यांची नावं मला वाटेल तशी म्हणते. ते सगळं तुम्ही ऐकायचं. हातानं खूण करून चूक दाखवलेली चालणार नाही, कागदावर लिहून दाखवलेली तर मुळीच नाही. चूक काढायची असेल तर तोंडानं काढा, स्पष्ट, मला कळेल अशी. तोवर मी चुकत राहणार. जिथं येतं तिथंही मुद्दाम चुकणार. बघते किती दिवस सोसतंय.

कबूल आहे का ते कळवा. ‘मिळावी’ वगैरे नको, हो की नाही एवढंच. पण अजेयकडून नको, तुमच्या हातचं पाहिजे, आणि लवकर पाहिजे. मोरीत धरायला दांडा बसवायचा राहिलाय आणि भिकू पंधरा दिवसांनी दिवेआगरच्या कामावर जातो म्हणतोय. पत्र मिळाल्या मिळाल्या उत्तर लिहा.

कुमुद